घरची नावाची सदस्य

तक्रारींच्या रांगेत 'तेलाचा थेंब' हे नाव दिसलं तेव्हा कॉफीचा घोट माझ्या तोंडात होता, आणि तो गिळायचं मी विसरले. तेलाचा थेंब म्हणजे माझे वडील. शिलाई मशीन दुरुस्तीच्या एका फोरमवर ते हे नाव लावतात, कारण मशीनच्या कुठल्याही दुखण्यावर त्यांचा पहिला सल्ला तोच असतो. उभं आयुष्य त्यांनी कपड्यांच्या कारखान्यात मशीन मेकॅनिक म्हणून काढलं. निवृत्त झाल्यावर हात रिकामे झाले, तोंड काही रिकामं राहीना, तेव्हा त्यांना हा फोरम सापडला. तक्रारीच्या वर विषय लिहायची जागा असते. तिथे त्यांनी लिहिलं होतं, 'मी लबाड नाही'. शेजारच्या टेबलावरचा सहकारी हेडफोन लावून मान डोलावत होता, काचेपलीकडे कुणाचा तरी वाढदिवस चालला होता, आणि माझ्या स्क्रीनवर माझा बाप मला, म्हणजे मी जिथे नोकरी करते त्या विश्वास विभागाला, नम्रपणे सांगत होता की तो लबाड नाही. मी घोट गिळला आणि रांगेतली त्यांच्या पुढची तक्रार आधी उघडली. कुणा मासेवाल्याची होती. ती मी दोनदा वाचली तरी डोक्यात शिरली नाही.

विश्वास विभाग हे नाव ऐकून लोक हसतात. रुजू झाले त्या दिवशी मीही हसले होते. आमची कंपनी असे कितीतरी फोरम चालवते, शिलाई मशीनचा, माशांच्या टाक्यांचा, केस गळणाऱ्यांचा, घोरणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांचा. व्यवस्था सगळीकडे एकच. कुणी प्रश्न विचारतो, कुणी उत्तर देतो, आणि वाचणारा उत्तराखाली 'उपयोगी' किंवा 'निरुपयोगी' अशी खूण करतो. उपयोगीने उत्तर देणाऱ्याचे गुण वाढतात. गुण वाढले की त्याचं उत्तर सगळ्यांच्या वर दिसतं, नावाला हिरवी कड येते, दुसऱ्याचं उत्तर झाकून टाकायचा अधिकारही मिळतो. निरुपयोगीने गुण उतरतात, पण ती खूण करणाऱ्याच्याही खात्यातला गुण कापला जातो, उगाच कुणी कुणावर राग काढू नये म्हणून. परिणाम असा की निरुपयोगी कुणी करतच नाही. समोर धडधडीत चूक दिसत असली तरी माणूस स्वतःचा गुण वाचवतो आणि पुढे सरकतो. उपयोगीचा मात्र सुकाळ. लोक बायकोच्या, मेव्हण्याच्या, कुत्र्याच्या नावाने खाती उघडतात आणि आपलीच पाठ आपण थोपटून घेतात, आणि ज्याला खरंच काही येतं पण घरात टाळ्या वाजवायला कुणी नाही, तो बिचारा तळाशी पडून राहतो. ह्याची मला मनापासून चीड होती. म्हणून मी नियम लिहिला. एकाच घरच्या इंटरनेटवरून, एकाच सदस्याला, जवळजवळ प्रत्येक उत्तरावर, उत्तर पडल्या पडल्या उपयोगी मिळत असेल तर खूण देणारं खातं बनावट धरायचं. ते पुसायचं, त्याने दिलेले गुण काढून घ्यायचे, आणि घेणाऱ्याच्या नावाखाली नारिंगी पट्टी लावायची, 'संशयास्पद'. मला ह्या नियमाचा अभिमान होता आणि आजही आहे. तो लागू झाला आणि पहिल्याच झाडलोटीत जी ढीगभर खाती निघाली त्यांत एक 'घरची' होतं. घरची म्हणजे माझी आई. तिला जाऊन वर्ष उलटून गेलं.

बाबांना ठाऊक नाही की हा फोरम आमच्या कंपनीचा आहे. कंपनीचं नाव पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत असतं, तिथवर त्यांचा चष्मा कधी गेला नाही. मुलगी 'कॉम्प्युटरचं' काहीतरी करते, एवढं त्यांना पुरतं. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी चारचौघांत मिरवलं असतं, आणि आज म्हणाले असते, मग कर की दुरुस्त, बटण तर तुझ्याच हातात आहे. बटण खरोखरच माझ्या हातात होतं. आदल्या दिवशी जेवताना ते गप्प होते. मला वाटलं पित्त झालंय. औषध देऊ का विचारलं तर म्हणाले, "औषधाचं दुखणं नाही." आता ते दुखणं समोर लिहिलेलं होतं. 'माझी पत्नी ही बनावट सदस्य नव्हती. ती होती. ती माझं प्रत्येक उत्तर वाचायची आणि पटलं तर उपयोगी द्यायची. तिच्या नावावर बोट ठेवलं की आता येतं, असा सदस्य अस्तित्वात नाही. माझे गुण गेले त्याचं मला काही नाही.' आणि त्याच्याखाली गुण किती होते, किती उरले, कोणकोणत्या उत्तरांवरचे गेले, ह्याचा सविस्तर हिशोब. मला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. बाबा असेच आहेत. काही नाही म्हणतात आणि तेच उगाळत बसतात.

प्रत्येक उत्तर वाचायची. मला आईचा अंगठा आठवला. संध्याकाळी बाबा हॉलमध्ये टॅबलेट मांडीवर घेऊन बसायचे, एका बोटाने टाइप करायचे, मधेच थांबून छताकडे बघायचे, आणि पाठवून झालं की स्वयंपाकघराकडे हाक टाकायचे, "अगं, टाकलंय बघ." आई हात पुसायची, फोन ओट्यावरच्या डब्याला टेकवून ठेवलेला असायचा, त्यावर अंगठा दाबायची आणि परत कणकेत हात घालायची. "वाचलंस?" "वाचलं की." "कसं झालंय?" "छान झालंय." भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं तर ती ज्या सुरात हो म्हणायची त्याच सुरात. खातंही बाबांनीच उघडून दिलं होतं. नाव काय ठेवू विचारलं तर ती म्हणाली, ठेवा काहीही, मग त्यांनी 'घरची' ठेवलं आणि स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ हसले. एकदा मी तिला विचारलं होतं, आई, तू खरंच वाचतेस का गं हे? ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून ऐकतेय, आता आणखी वाचायचं कशाला?" तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. आता ऑफिसात बसून मी माझाच नियम तिला लावून पाहत होते आणि तो चपखल बसत होता. एकच घर, एकच माणूस, प्रत्येक उत्तर, पडल्या पडल्या. कुत्र्याच्या नावाने उघडलेल्या खात्यात आणि माझ्या आईत नियमाला फरक दिसला नाही, आणि खरं सांगायचं तर तो कुठे आहे हे मलाही लिहून दाखवता आलं नसतं. तिचं प्रेम होतं म्हणावं, तर गुण प्रेमाचे नसतात, उपयोगाचे असतात. हे वाक्य माझंच आहे, आमच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे.

आमच्याकडे पद्धत आहे की नात्यातल्या माणसाची तक्रार आपण हाताळायची नाही. मी हेडच्या केबिनमध्ये गेले. ती माझ्यापेक्षा लहान आहे, हुशार आहे, आणि कुणाचंही बोलणं ऐकताना दुसरं काहीतरी वाचत असते. मी म्हटलं, "ही एक तक्रार माझ्या वडिलांची आहे." तिने मान वर केली. "कसली?" मी सांगितलं. "आणि ती घरची कोण?" "आई." "त्या करायच्या का खरंच स्वतः?" मी म्हटलं, "अंगठा तिचाच होता." ती हसली, वाईट हसली असं नाही, पण हसली. "अगं मग नियम बरोबरच चाललाय ना. तूच बघ ती, बाकीच्यांना आधीच ढीग पडलाय. आणि कारण नीट लिही हं, पुराव्यासकट." कारण पुराव्यासकट, हाही माझाच हट्ट होता. कुठलाही निर्णय द्यायचा तर ज्याच्या आधारे दिला ते सदस्याला दिसलं पाहिजे, निर्णयाबरोबर ते आपोआप जातं, लपवायची सोयच ठेवलेली नाही. मी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून हे मान्य करून घेतलं होतं. लोकांना अन्यायापेक्षा अंधाराचा राग येतो, असं काहीतरी बोलले होते, आणि सगळ्यांनी माना हलवल्या होत्या.

त्या संध्याकाळी बाबांनी टॅबलेट माझ्यापुढे धरला. "तुझी भाषा चांगली आहे. ही तक्रार जरा सुधारून दे. दोन दिवस झाले, कुणी उत्तर देत नाही मेले." मी बसले. त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं. "लिही, की ती हयात असती तर स्वतः येऊन बोलली असती." मी लिहिलं. "लिही, की तिला मशीनमधलं कळत होतं. जन्मभर शिवण केलं तिनं." मी लिहिलं. "आणि लिही, की एखादं उत्तर पटलं नसतं तर तिनं उपयोगी दिलं नसतं. तोंडावर बोलणारी बाई होती." माझं बोट थांबलं. आई तोंडावर बोलणारी बाई नव्हती. आई घरात आल्यागेल्याशी बोलायची, फोनवर मावशीशी तासन्‌तास बोलायची, बाबांच्या तोंडावर मी तिला बोलताना ऐकलेलं नाही. मी विचारलं, "तोंडावर?" "मग काय. माझी एक चूक सोडली नसती तिनं." त्यांचा चेहरा पाहिला आणि मी ते वाक्य त्यांनी सांगितल्यापेक्षाही चांगलं करून लिहिलं. अशी झकास तक्रार आमच्या विभागाकडे क्वचितच येते. बाबा वाचून खूश झाले. म्हणाले, "आता बघू काय बोलतात." मी ताटं घ्यायला उठले, कारण उद्या काय बोलायचं ते मलाच ठरवायचं होतं, आणि त्यांच्यासमोर बसून ते ठरवणं मला जमेना.

दुसऱ्या दिवशी मी नकारच लिहायला घेतला होता. मायाळू नकार, पण नकार. आपल्या भावना आम्ही समजू शकतो, वगैरे. पुरावा म्हणून आईच्या खुणा जोडायच्या होत्या. खातं पुसलेलं असलं तरी आमच्या बाजूला सगळं दिसतं. मी उघडलं. हिरव्या खुणांची रांग खाली खाली जात राहिली, प्रत्येकीसमोर तारीख, वेळ, बाबांचं उत्तर, आणि सगळ्या वेळा संध्याकाळच्या, आईच्या कणीक मळायच्या. मला तिचा अंगठा त्या रांगेत वर-खाली होताना दिसत होता. आणि मधेच एक लाल. आधी मला वाटलं डोळ्यांची चूक. निरुपयोगी. वेळ दुपारची. दुपारी बाबा झोपतात, गाढ, तोंड उघडं टाकून. म्हणजे कुणी हाक मारलेली नव्हती. म्हणजे ती आपणहून फोन हातात घेऊन बसली, शोधून काढलं, वाचलं, आणि लाल दाबलं. तिच्या खात्यात गुण होतेच किती, तिने कधी कुठे एक अक्षर लिहिलं नव्हतं. नवीन सदस्याला स्वागताचे म्हणून जे मूठभर मिळतात तेवढेच. त्यातला एक तिने खर्च केला. मी ते उत्तर उघडलं. कुणीतरी विचारलं होतं, माझी बायको म्हणते पायमशीन जड चालतं, मी तपासलं, मला तर काही दिसत नाही, काय करावं? बाबांनी लिहिलं होतं, 'यंत्रात दोष नसेल तर तो बसणाऱ्याच्या सवयीत असतो. बायका पाय सारखा मारत नाहीत. ही तक्रार घरोघरी असते. तेल घालावं आणि लक्ष देऊ नये.'

खिडकीजवळ असायचं तिचं मशीन. पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश, शेजाऱ्यापाजाऱ्यांची उसवलेली शिवण, सगळं त्याच्यावर. मी खालच्या फरशीवर पालथी पडून गृहपाठ करायची आणि माझ्या कानाशी तिचे पाय चालायचे. जाड कापड आलं की आवाज बदलायचा, पायडल अडल्यासारखं व्हायचं, आणि ती दोन्ही हातांनी गुडघा दाबून जोर द्यायची. "अहो, जड जातंय हो हे." बाबा कारखान्यातून आलेले असायचे, दिवसभर परक्यांची मशीनं सरळ करून. तरी यायचे बिचारे, नाही असं नाही. चाक हाताने फिरवायचे, सुईखाली कापड नसताना. चाक गरगर फिरायचं. "लोण्यासारखं चालतंय. तुझ्या पायाची सवय आहे ती." तेल घालायचे. खाली बसून पायडल त्यांनी कधी मारलं नाही. ते काम त्यांचं नव्हतं, त्यांचं काम मशीन बघणं. आई म्हणायची, असेल. पुढे तिने जाड कापड घेणं बंद केलं. मग तिचे गुडघे गेले आणि मशीनही बंद झालं, आणि ते वयामुळे झालं असं आम्ही सगळे म्हणालो, मीसुद्धा. त्या लाल खुणेनंतरची गंमत मला मागाहून आठवली. बाबांचे गुण जरासे उतरले होते, आणि खूण कुणी केली हे सदस्यांना दिसत नसल्यामुळे त्यांनी ठरवून टाकलं की हे 'कात्री' नावाच्या सदस्याचं काम, तो जळतो माझ्यावर. कित्येक महिने ते त्या कात्रीशी भांडले, त्याची उत्तरं झाकून टाकली, जेवताना त्याचे वाभाडे काढले. आई वाढता वाढता ऐकायची. "असेल कुणीतरी," म्हणायची, आणि आणखी एक चपाती वाढायची. आई, काय बाई होतीस तू. मला ऑफिसात, सगळ्यांसमोर, रडायला आलं, आणि ते दुःखाने नव्हतं, मला तिचा राग आला होता. एवढंच बोललीस? तेही इतकं हळू?

आता नकार देता येत नव्हता. नियमात सूट लिहिलेली आहे, झाडलोट ती आपोआप बघत नाही, तक्रार आली तरच माणूस तपासतो. खूण देणाऱ्याने त्याच सदस्याला एकदाही निरुपयोगी दिलं असेल तर तो स्वतःच्या बुद्धीने वागतो असं मानायचं, खातं खरं धरायचं, सगळे गुण परत द्यायचे, पट्टी काढायची. स्वतःचे गुण खर्च करून स्वतःला कोण पाडेल? तेव्हा आई खरी होती. बाबा लबाड नव्हते. एका लाल खुणेने त्या सगळ्या हिरव्या खुणा खऱ्या केल्या होत्या, आणि पुरावा म्हणून ती लाल खूणच बाबांकडे जाणार होती, तारखेसकट, उत्तरासकट. नकार दिला असता तर ते उरलेलं आयुष्य संशयास्पद राहिले असते, पण आईच्या बाबतीत निश्चिंत राहिले असते. मुलगी म्हणून विचार केला, नोकर म्हणून केला, दोन्हीकडून उत्तर वेगळं येईना, कारण दोन्हीच्या खाली एकच गोष्ट होती. मला ते त्यांनी वाचायला हवं होतं. न्यायासाठी नाही. आई एकदाच काहीतरी म्हणाली होती आणि ते ज्याला म्हणाली त्याला ऐकूच गेलं नव्हतं, ते कुणीतरी पोचवायला हवं होतं. मी मंजूर केलं. हेडने जाता जाता स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे वा, खरी निघाली?" मी हो म्हटलं.

घरी आले तेव्हा बाबा नेहमीच्या खुर्चीत होते. टॅबलेट मांडीवर, चष्मा कपाळावर. नारिंगी पट्टी गेली होती, हिरवी कड परत आली होती. वाटलं होतं आनंदाने सांगतील. मी विचारलं, "आलं का काही उत्तर?" "आलं." "मग?" "गुण दिले परत." मी चहा ठेवला, कप आणून दिला, समोर बसले. त्यांनी कपाला हात लावला नाही. मग टॅबलेट माझ्याकडे सरकवला. "बस जरा. अजून एक तक्रार लिहायचीय." मी म्हटलं, "आता कसली? झालं की तुमच्या मनासारखं." "झालं नाही. ह्यांनी तिच्या नावावर एक भलतीच खूण दाखवलीय. निरुपयोगीची. ती काढून टाकायला सांग." मी काहीच माहीत नसल्यासारखं ते वाचलं. त्यांनी सांगायला सुरुवात केली, आवाज अधिकाऱ्यासारखा करून. "लिही. माझी पत्नी असं करणं शक्य नाही. तिच्या फोनवरून दुसऱ्या कुणीतरी ही खूण केलेली आहे. बाकीच्या सगळ्या तिच्या आहेत, ही एक बनावट आहे, ती रद्द करावी." मी लिहीत नव्हते. "लिही ना." "दुपारची वेळ आहे, बाबा. घरी तुम्ही आणि ती, दोघंच असायचात." "मग चुकून दाबलं गेलं असेल." "चुकून दाबलं की फोरम विचारतो, नक्की का, गुण कापला जाईल. परत दाबावं लागतं." "तुला काय ठाऊक?" त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं नाही. ते चिडले. "तिनं मला कधी सांगितलं नाही. इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणाली का, की तुमचं चुकलं? तू होतीस ना घरात, तूच सांग." मी म्हटलं, "जड जातंय म्हणायची." "ते मशीनबद्दल." "हो. मशीनबद्दलच."

चहावर साय धरली होती, त्यांनी ती चमच्याने बाजूला केली आणि चहा तसाच ठेवला. टॅबलेटवर रिकामी तक्रार उघडी होती. मला त्यांची दया येत होती आणि ती येते ह्याचाही कंटाळा आला होता. दिवसभर मी जे काळजीपूर्वक शब्दांत बसवलं होतं ते मला आता साधं बोलून टाकायचं होतं. मी म्हटलं, "बाबा, ती एकच खूण आईची आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी कळलंच नाही त्यांना. मग त्यांनी टॅबलेट ओढून घेतला आणि आईची यादी उघडली. निर्णयाबरोबर मीच पाठवली होती ती. वरपासून खालपर्यंत हिरव्या खुणा, बोटाने सरकवाव्या तेवढ्या. ते बराच वेळ सरकवत राहिले.

"मग ह्या बाकीच्या कुणाच्या?" बाबांनी विचारलं. भांडायला म्हणून विचारलं नाही, त्यांना खरंच उत्तर हवं होतं, आणि ते मला येत होतं.